विश्लेषण : निम्म्या किमतीतला कॅमेरा… स्वस्त का असतो?

‘बदली झाल्यामुळे तातडीने विकणे आहे. दीड वर्ष वापरलेला, एकही ओरखडा नाही, बिल आणि बॉक्स सोबत. किंमत ३२ हजार, घासाघीस नको.’ खाली कॅमेऱ्याचे चार झकास फोटो. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात कॅमेऱ्यांच्या अशा जाहिराती रोज दिसतात. तोच कॅमेरा वापरलेल्या स्थितीत दुकानात साठ-पासष्ट हजारांच्या खाली मिळत नाही. मग हा ३२ हजारांना कसा? लग्नसराईआधी पहिला कॅमेरा घेऊन काम सुरू करू पाहणाऱ्या तरुणाला हा प्रश्न पडतो, पण सौदा हातचा जाईल या भीतीने तो विचारायचा राहून जातो. कमी किमतीमागे प्रामाणिक कारणे असू शकतात, तशीच फसवणूक किंवा चोरीही असू शकते. यातला फरक ओळखायचा कसा, आणि चुकले तर नुकसान नेमके किती, याचा हा आढावा.

जुना कॅमेरा खरोखरच इतका स्वस्त होऊ शकतो?

हो. गेल्या काही वर्षांत डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या जुन्या बाजारातले भाव बरेच उतरले आहेत आणि त्यामागे ठोस कारण आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणि त्यांच्यासाठी लेन्स बसवण्याची नवी रचना, म्हणजे नवे माउंट, बाजारात आणले. सोनी त्याआधीच, २०१३ पासून, या वाटेवर होती. २०२० नंतर कॅनन आणि निकॉनने पूर्णपणे नवा डीएसएलआर आणलेला नाही. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळले तसे त्यांचे जुने डीएसएलआर आणि लेन्स मोठ्या संख्येने विक्रीला आले. माल वाढला, मागणी घटली, भाव पडले.

दुसरे कारण म्हणजे झीज. कॅमेऱ्याचे शटर हा यांत्रिक भाग आहे आणि तो किती वेळा उघडझाप सहन करेल याचा अंदाज कंपन्या देतात. कॅनन ८० डीसाठी तो १ लाख, कॅनन ५ डी मार्क ४ साठी दीड लाख, तर निकॉन डी ८५० आणि सोनी ए ७ थ्रीसाठी २ लाख आहे. एका लग्नात तीन हजार फोटो निघाले आणि छायाचित्रकाराने वर्षात ४० लग्ने केली, तर एका वर्षातच आकडा १ लाख २० हजारांवर जातो. असा कॅमेरा दिसायला नवा असला तरी त्याची किंमत निम्म्यावर येणे स्वाभाविक आहे.

तिसरे कारण आपल्या हवामानाचे. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. सुरुवातीला ती साफ करता येते. मात्र मुरलेली बुरशी काचेवरचा लेप खराब करते. अशी लेन्स स्वस्तच विकली जाते, आणि तशीच विकली गेली पाहिजे.

याशिवाय ‘ग्रे मार्केट’चा माल असतो. म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून परदेशातून आणलेला कॅमेरा. तो बनावट नसतो, पण त्यावर कंपनीची भारतातली वॉरंटी सहसा मिळत नाही. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो. स्वस्तात घेतल्यावर हे लक्षात येते.

या सगळ्या कारणांत एक समान गोष्ट आहे. ती तपासता येतात. शटरचा आकडा पाहता येतो, लेन्समधली बुरशी दिसते, बिल आहे की नाही ते कळते. विक्रेता कमी किमतीचे जे कारण सांगतो, ते कॅमेरा हातात घेऊन पडताळता येत असेल, तर ती किंमत नुसती कमी आहे. कारण फक्त विक्रेत्याच्या गोष्टीत असेल, म्हणजे बदली, आजारपण, परदेशी जाण्याची घाई, तर ती किंमत संशयास्पद आहे.

फसवणाऱ्याची किंमत निम्मीच का असते?

६५ हजारांचा कॅमेरा कोणी पाच हजारांना विकायला काढला तर त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पन्नास हजार सांगितले तर ग्राहक निवांत विचार करेल, आणखी दोन ठिकाणी चौकशी करेल. निम्म्याच्या आसपासची किंमत मात्र दोन्ही बाजूंनी सोयीची ठरते. ती खरी वाटण्याइतकी जास्त असते आणि घाई करायला लावण्याइतकी कमी. त्यावर ‘आणखी तिघे मागत आहेत, टोकन पाठवा म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो’ असा निरोप आला की चौकशीचा वेळ संपतो.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे फसवणाऱ्याला ३२ हजार एकदम मिळण्याची अपेक्षा नसते. समजा त्याने आधी टोकन म्हणून २,१०० रुपये घेतले. मग कुरिअरचे ३,१५०. मग ‘पार्सल निघाले आहे, पण १८ टक्के जीएसटी भरल्याशिवाय सुटणार नाही’ म्हणून ३२ हजारांवरचे ५,७६०. मग ‘परत मिळणारी’ विम्याची रक्कम ८ हजार. एव्हाना १९,०१० रुपये गेलेले असतात आणि कॅमेऱ्याचा पत्ता नसतो. ‘आता थांबलो तर आधीचे बुडतील’ या विचाराने ग्राहक पुढचा हप्ताही भरतो. प्रत्येक मागणी आधी भरलेल्या पैशांच्या आधाराने उभी केलेली असते. वास्तविक, कोणी आपल्या घरगुती वापराचा जुना कॅमेरा विकत असेल तर त्यावर जीएसटी लागण्याचा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्यांवर १८ टक्के दर आहे, एवढे खरे असते; बाकीचे त्यावर रचलेले असते.

‘फौजी’ विक्रेत्याचा बनाव काय आहे?

या प्रकारातला सर्वाधिक चाललेला बनाव म्हणजे लष्कर किंवा निमलष्करी दलातला जवान असल्याची बतावणी. विक्रेता सांगतो की तो छावणीत किंवा विमानतळावर ड्युटीला आहे, बदली सीमेवर झाली आहे, म्हणून कॅमेरा, दुचाकी किंवा फर्निचर तातडीने काढायचे आहे. मागितल्याशिवाय तो ओळखपत्राचा, कॅन्टीन कार्डाचा आणि गणवेशातला फोटो पाठवतो. भेटायला मात्र येऊ देत नाही. ‘छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नाही, आर्मी कुरिअरने पाठवतो’ असे सांगतो. सातारा, कोल्हापूर, नगर अशा जिल्ह्यांत, जिथे अनेक घरांतला कोणी ना कोणी फौजेत असतो, तिथे जवानाच्या शब्दावर शंका घेणे लोकांना बरे वाटत नाही. बनाव नेमका त्या आदरावर उभा आहे.

ओळखपत्राचा फोटो अनेकदा खऱ्या माणसाचा असतो; तो माणूस फक्त फोनवर नसतो. आधी फसलेल्या कोणाकडून किंवा समाजमाध्यमांवरून ती कागदपत्रे उचललेली असतात. ‘तुम्हीही तुमचे आधार कार्ड पाठवा, म्हणजे विश्वास बसेल’ या मागणीला बळी पडलेल्या ग्राहकाचे कार्ड पुढच्या जाहिरातीत ‘विक्रेत्याचे’ ओळखपत्र म्हणून वापरले जाऊ शकते. राहिली गोष्ट ‘आर्मी कुरिअर’ची. जवानाची खासगी वस्तू ग्राहकाच्या घरी पोहोचवून यूपीआयने शुल्क घेणारी लष्कराची अशी कोणतीही सेवा नाही.

अशा टोळ्यांच्या तपासात राजस्थानातले भरतपूर आणि अलवर, हरियाणातले नूह आणि उत्तर प्रदेशातले मथुरा या लगतच्या पट्ट्याचे नाव वारंवार आले आहे. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांत एकाच वेळी मोठी छापेमारी केली. त्यानंतरच्या तपासात देशभरातल्या सुमारे २८ हजार प्रकरणांचा आणि १०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा धागा तिथपर्यंत पोहोचल्याचे पोलिसांनी सांगितले होते. जुन्या वस्तूंच्या खोट्या जाहिराती ही या टोळ्यांची एक ठरलेली पद्धत होती. पद्धत माहीत झाल्यावर तिची ठिकाणे बदलतात, त्यामुळे समोरचा क्रमांक राजस्थानचा नाही एवढ्यावर निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष कॅमेरा पाहिला म्हणजे धोका टळला?

पूर्णपणे नाही. एका प्रकारात खरा विक्रेता, खरा कॅमेरा आणि खरा ग्राहक असतात. फसवणारा दोघांच्या मध्ये उभा असतो. तो खऱ्या विक्रेत्याची जाहिरात उचलून कमी किमतीत पुन्हा टाकतो. ग्राहकाला सांगतो, ‘कॅमेरा माझ्या भावाकडे आहे, जाऊन बघा. फक्त पैशांचा विषय त्याच्याशी काढू नका, आमचा आपसातला हिशेब आहे.’ विक्रेत्याला सांगतो, ‘माझा माणूस बघायला येतोय, त्याच्यासमोर किंमत बोलू नका.’ ग्राहक कॅमेरा तपासतो, खूश होतो आणि पैसे फोनवरच्या माणसाच्या खात्यात पाठवतो. विक्रेत्याला काहीच मिळालेले नसते, म्हणून तो कॅमेरा देत नाही. दोघे एकमेकांनाच फसवणारे समजतात. जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला हा प्रकार कॅमेऱ्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

त्यावर उपाय साधा आहे. कॅमेरा ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी समोरासमोर किंमत बोलावी आणि पैसेही त्यालाच, तिथल्या तिथे द्यावेत. ‘किंमत बोलू नका’ ही अट कोणीही घातली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कॅमेरा मिळाला, चालतोही. मग अडचण कुठे?

तो चोरीचा असू शकतो. कॅमेऱ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार वाढला आहे. मुंबई-पुण्यासह मोठ्या शहरांत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखीची कागदपत्रे देऊन महागडा संच भाड्याने घ्यायचा आणि परस्पर विकून टाकायचा किंवा गहाण ठेवायचा, असे गुन्हे वेगवेगळ्या शहरांत नोंदले गेले आहेत. असा कॅमेरा विकणाऱ्याला तो लवकर हातातून घालवायचा असतो, म्हणून किंमत कमी असते. ग्राहकाला कॅमेरा मिळतो, तो उत्तम चालतो, आणि काही महिन्यांनी पोलिसांचा फोन येतो.

इथे कायदा स्पष्ट आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम २७ नुसार, ज्याची मालकी नाही अशा विक्रेत्याकडून घेणाऱ्याला, काही अपवाद वगळता, त्याच्यापेक्षा अधिक हक्क मिळत नाही. म्हणजे पूर्ण पैसे मोजूनही चोरीचा कॅमेरा आपला होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली चोरीचा संशय असलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने ती मूळ मालकाकडे जाऊ शकते. पैसे परत मिळवायचे तर ग्राहकाला विकणाऱ्याच्या मागे लागावे लागते.

किमतीचा मुद्दा इथे आणखी गंभीर होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. त्यासाठी वस्तू चोरीची असल्याचे माहीत असणे किंवा तसे मानायला कारण असणे आवश्यक असते. बाजारभावाच्या निम्मी किंमत, बिल नाही, रोखीचा व्यवहार, बसस्थानकावर पाच मिनिटांत देवाणघेवाण, या गोष्टी एकत्र आल्या तर ‘मला शंका आलीच नाही’ हे पटवणे ग्राहकाला अवघड जाऊ शकते. उलट बिल, विक्रेत्याच्या ओळखीची प्रत, दोघांच्या सह्यांची पावती आणि बँकेतून दिलेले पैसे, एवढे जवळ असेल तर आपण प्रामाणिकपणे खरेदी केली हे दाखवता येते.

मोबाइलसारखा कॅमेरा ‘ब्लॉक’ करता येत नाही का?

नाही. हरवलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून बंद करता येतो, कारण मोबाइलला चालण्यासाठी नेटवर्कशी बोलावेच लागते. केंद्राच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर २०२३ पासून ही सोय देशभर उपलब्ध आहे आणि जुना फोन घेण्याआधी त्याचा क्रमांक तिथे तपासताही येतो. कॅमेऱ्याला कोणत्याही नेटवर्कची गरज नसते. तो चोरीला गेला तरी नव्या मालकाच्या हातात पहिल्यासारखाच चालतो. कॅमेऱ्यांच्या क्रमांकांची सरकारी पातळीवर अशी कोणतीही नोंदवही नाही. लहान आकार, मोठी किंमत आणि माग काढण्याची सोय नाही, या तीन गोष्टींमुळे कॅमेरा चोरांच्या आणि फसवणाऱ्यांच्या सोयीचा ठरतो.

तरीही एक खूण राहते. कॅमेऱ्याच्या बुडाशी आणि लेन्सवर अनुक्रमांक छापलेला असतो. अनेक मॉडेल हाच क्रमांक प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लपवून लिहितात. या माहितीला ‘एक्झिफ’ म्हणतात. त्यात कॅमेऱ्याचे मॉडेल, लेन्स, तारीख, वेळ आणि बऱ्याचदा बॉडीचा क्रमांक असतो. खरेदीदाराला याचा थेट उपयोग होतो.

घेण्याआधी काय तपासावे?

पहिली पायरी घरबसल्या होते. जाहिरातीतले फोटो गुगल लेन्सवर टाकून पाहावेत. तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या जाहिरातीत सापडला तर पुढे जाण्याची गरज नाही. मग विक्रेत्याला त्याच कॅमेऱ्याने आज काढलेला एक फोटो मूळ फाइलसह मागावा. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतून एक्झिफ माहिती निघून जाते, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगावा. फाइलमधले मॉडेल आणि तारीख जाहिरातीशी जुळते का ते मोबाइलवरही पाहता येते. चिठ्ठीवर तारीख लिहून काढलेला फोटो आता पुरेसा पुरावा राहिलेला नाही. असे चित्र संगणकावर सहज तयार होते. त्यापेक्षा व्हिडीओ कॉलवर कॅमेरा सुरू करून अनुक्रमांक दाखवायला सांगावा. कॅमेरा खरोखर जवळ असलेल्याला यासाठी दोन मिनिटे लागतात. टाळाटाळ झाली तर कारण समजून जावे.

दुसरी पायरी भेटीत. ती दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, शक्यतो कॅमेऱ्यांतले जाणणाऱ्या मित्रासोबत व्हावी. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरासारख्या कॅमेऱ्यांच्या बाजारात किंवा आपल्या शहरातल्या एखाद्या दुरुस्ती केंद्रात भेट ठरवली तर उत्तम. थोडे शुल्क घेऊन जाणकार कारागीर कॅमेरा तपासून देतात. चोरीचा माल विकणारा अशा ठिकाणी यायला सहसा तयार होत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

तिथे बुडावरचा अनुक्रमांक बिलावरच्या आणि फोटोच्या फाइलमधल्या क्रमांकाशी जुळवावा. खरवडलेला किंवा नवा चिकटवलेला क्रमांक दिसला तर कॅमेरा परत द्यावा. शटरचा आकडा निकॉनच्या फोटो फाइलमधून मिळतो. कॅननच्या अनेक मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, त्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते. आकडा कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. व्हिडीओ काढताना शटर फोटोंसारखे वारंवार पडत नाही, त्यामुळे वर्षभर लग्नांचे व्हिडीओ काढलेल्या कॅमेऱ्याचा आकडाही कमी असू शकतो.

लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार पाहावी. जाळ्यासारखे तंतू किंवा धुरकटपणा म्हणजे बुरशी किंवा जुना ओलावा. लेन्सचे छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतात. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचा फोटो काढला तर बिघडलेले पिक्सेल रंगीत ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. मेमरी कार्ड, सगळी बटणे, फ्लॅशची जागा, चार्जिंग हे सगळे चालवून पाहावे. हे करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न देणारा विक्रेता सोडून द्यावा.

पैसे देताना कोणती काळजी घ्यावी?

कॅमेरा हातात येण्याआधी काहीही देऊ नये. टोकन, गेट पास, विमा, परत मिळणारी अनामत, यापैकी कोणत्याही नावाने नाही. विक्रेता दुसऱ्या शहरात असेल आणि मंचाकडे स्वतःची सुरक्षित देयक व्यवस्था नसेल, तर तो सौदा सोडणे केव्हाही स्वस्त पडते. ‘मंचाच्या डिलिव्हरीची लिंक’ म्हणून चॅटवर आलेला दुवा उघडू नये. अॅपच्या आत जी सोय दिसते तेवढीच खरी.

कॅमेरा विकणाऱ्यांनाही हा सापळा आहे. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील’ असे सांगणारा ग्राहक फसवणारा असतो. यूपीआय पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची, म्हणजे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडची युक्ती मात्र त्यानंतरही चालू शकते, कारण तिथे पिन ग्राहक स्वतःच टाकतो. विक्रेत्यांनी आणखी एक पाहावे. पैसे कॅमेरा घ्यायला आलेल्याच्याच खात्यातून येत आहेत का? भलत्याच कोणाच्या खात्यातून आलेले पैसे फसवणुकीचे निघाले तर विक्रेत्याचे खाते गोठवले जाऊ शकते.

फसवणूक झाली तर पैसे परत मिळतात का?

ते बहुतांशी वेळेवर अवलंबून असते. पैसे ज्या खात्यात जातात ते सहसा दुसऱ्याच कोणाच्या नावावर, भाड्याने घेतलेले असते आणि रक्कम तिथून पुढच्या खात्यांत झपाट्याने फिरवली जाते. म्हणून लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. २०२१ पासून सुरू असलेल्या या यंत्रणेत तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पुढच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, फोन क्रमांक, जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवावेत. चिडून चॅट पुसून टाकण्याची चूक करू नये. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. पैसे देण्याआधी शंका आली तर याच पोर्टलवर समोरच्याचा फोन क्रमांक किंवा यूपीआय आयडी आधीच्या तक्रारींत आहे का, हे तपासण्याची सोय आहे.

बँकेने भरपाई द्यावी, ही अपेक्षा इथे बहुधा पुरी होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत त्याची जबाबदारी मर्यादित केली आहे. कॅमेऱ्याच्या प्रकरणात मात्र पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो.

ग्राहक आयोगाचा मार्गही अरुंद आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम, नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्याला लागू होत नाहीत. जाहिरात दाखवणारे मंच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थ म्हणून काही अटींवर संरक्षण मागू शकतात. राहतो फौजदारी मार्ग. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण त्यासाठी आरोपी सापडावा लागतो, आणि सापडला तरी पैसे शिल्लक असतीलच असे नाही.

मग स्वस्त कॅमेरा घ्यावा कुठून?

जुना कॅमेरा घेणे हा शहाणपणाचाच निर्णय आहे. निम्म्या किमतीत उत्तम काम देणारे डीएसएलआर आज खरोखर उपलब्ध आहेत. कॅमेरा तपासून, काही महिन्यांची लेखी हमी देऊन विकणारी दुकाने थोडे जास्त पैसे घेतात. त्या जास्तीच्या पैशांत पावती, पत्ता आणि तक्रारीची जागा मिळते. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून घेतल्यास कॅमेऱ्याने किती लग्ने पाहिली हेही कळते. अनोळखी व्यक्तीकडून घ्यायचा असेल तर दोन-तीन ठिकाणी त्याच मॉडेलचा चालू भाव आधी विचारून ठेवावा. जाहिरातीतली किंमत त्यापेक्षा बरीच खाली असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा, ‘इतका स्वस्त का?’ शटर दोन लाखांवर गेले आहे, लेन्सला बुरशी आहे, माउंट जुने झाले आहे, अशी उत्तरे आली तर कॅमेरा पाहायला जावे. उत्तरात फक्त घाई असेल तर जाहिरात बंद करावी आणि मंचाकडे तिची तक्रार करावी, म्हणजे पुढच्याचे पैसे तरी वाचतील.